हालचालीचा नमुना : अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्या कारागिराचा पहिला धडा

नमुन्याशिवाय कामाला हात घालू नये, हे कारागिराला कोणी शिकवावे लागत नाही. शिंपी अंगाला बसणारा जुना कुडता मागून घेतो. सोनार आधी घडवलेला डाग समोर ठेवतो. विट्यात यंत्रमागावर नवी क्वालिटी लावायची झाली तर आधी कापडाचा तुकडा भिंगाखाली धरून उभे-आडवे धागे मोजले जातात. मग माणसाची चाल, बैलाची धाव किंवा हाताची पकड पडद्यावर जिवंत करायची असेल, तर ती केवळ मनाने काढून कशी भागेल?

आपले अनेक तरुण आज अ‍ॅनिमेशनच्या व्यवसायाकडे पाहत आहेत. घरात मागाचा खडखडाट किंवा गलाईची भट्टी, हातात मोबाईल आणि डोक्यात नव्या रोजीचा विचार, अशी त्यांची स्थिती आहे. कर्ज काढून कोर्स केला, संगणक घेतला, तरी काम देणारा पहिल्यांदा पाहतो ते एकच : तुमचे पात्र चालते कसे? त्याच्या पायाखाली जमीन वाटते का? हातातल्या ओझ्याला वजन आहे का? या परीक्षेत उतरायचे तर हालचालीचा खरा नमुना मिळवणे आणि वापरणे आले पाहिजे. या धंद्यात त्याला ‘मोशन रेफरन्स’ म्हणतात.

डोळा फसतो

धावत्या घोड्याचे पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे पसरलेले असतात, असे शेकडो वर्षे चित्रकार काढीत आले. १८७८ साली अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने धावपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे ओळीने लावून धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली. घोड्याचे चारही पाय जमिनीपासून सुटतात हे खरे निघाले; पण ते पसरलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. नामवंत चित्रकारांचा डोळाही जिथे चुकला, तिथे नवशिक्याने ‘मला ठाऊक आहे’ म्हणू नये.

आपल्या महाराष्ट्रातही हा विचार जुना आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’पूर्वी कुंडीतील वाटाण्याचे रोप कसे वाढते हे थोडे थोडे चित्रित करून पडद्यावर दाखवले होते. पुढे १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग उभा राहिला. तेथील तरुणांना शिकवायला डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स आले. राम मोहन हे त्या तरुणांपैकी एक. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या विभागाचा ‘द बॅनियन डीअर’ हा हरणाच्या जातककथेवरील चित्रपट १९५७ चा. वीक्स यांनी पूर्वी ज्या ‘बॅम्बी’ (१९४२) साठी काम केले, त्याच्या तयारीत डिस्नेने हरणाची जिवंत पाडसे स्टुडिओत आणून ठेवली होती आणि चित्रकार त्यांच्यासमोर बसून रेखाटने करीत. हरीण काढायचे तर आधी हरीण पाहायचे, ही त्या घराण्याची शिस्त होती.

नमुना कोठे मिळेल

पहिला नमुना आपल्याच घरात आहे. तुटलेल्या धाग्याला क्षणात गाठ मारणारी बोटे, धोट्यात कांडी भरणारा हात, मागाखाली वाकलेला जॉबर, मुशीतून रस ओतताना गलाई कारागिराचे स्थिर मनगट, या हालचालींचे चांगले चित्रण बाजारात शोधून सापडणे कठीण. आटपाडी-खरसुंडी भागातला खिलार बैल घ्या. वशिंड नसलेल्या परदेशी बैलाची फीत पाहून तो काढला तर पाय बरोबर पडतील. पण शरीर थांबल्यावर क्षणभर उशिराने स्थिरावणारे वशिंड आणि लांब शिंगांची डौलदार मान कोठून येणार? आपल्या भागातला कोणताही शेतकरी ते चित्र पाहून हसेल.

दुसरा नमुना जुन्या संग्रहात आहे. मायब्रिजचा १८८७ चा ७८१ चित्रफलकांचा संग्रह स्वामित्वहक्काच्या बाहेर गेलेला आहे. त्यात जनावरांचे फलक उत्तम आहेत. मात्र माणसांच्या पुष्कळ फलकांत उघडी शरीरे आहेत, हे घरात उघडण्यापूर्वी ध्यानात ठेवावे.

तिसरा मार्ग दुसऱ्याची फीत वापरण्याचा. इथे जपून पाऊल टाकावे. माणूस चालतो कसा, यावर कोणाची मालकी नसते. पण त्या चालीच्या चित्रणावर असते. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार नोंदवून ठेवलेली नृत्यरचनाही संरक्षित आहे. शिकण्यासाठी पाहणे वेगळे आणि जशीच्या तशी उचलून गिऱ्हाईकाला विकणे वेगळे.

चित्रण कसे घ्यावे

१. मोबाईल हातात धरू नये. तिवईवर किंवा विटांवर पक्का ठेवावा. कॅमेरा हलला तर अंग किती हलले हे कळत नाही.
२. कमरेच्या उंचीवरून, डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण माणूस दिसेल असे घ्यावे. एकदा बाजूने, एकदा समोरून.
३. कपडे असे असावेत की गुडघा, कोपर आणि कंबर कोठे आहे हे समजेल.
४. ओझे खरे असावे. रिकामे पोते उचलण्याचे नाटक करणाऱ्याची पाठ खोटे बोलते. सुताचे भरलेले पोते उचलणारा आधी पाय फाकवतो, अंग ओझ्याजवळ नेतो आणि मगच उठतो.
५. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने काही दिव्यांखाली चित्र लुकलुकते. मोबाईलमध्ये सोय असेल तर शटर एकास पन्नास किंवा एकास शंभर ठेवावे. नाहीतर दिवसा खिडकीच्या उजेडात काम करावे.
६. चालत्या मागाजवळ सैल बाही नको. धोटा ज्या रेषेत धावतो त्या रेषेच्या टोकाला उभे राहू नये. उडालेला धोटा माणूस ओळखत नाही.

हिशेब फ्रेमचा

सिनेमात सेकंदाला २४ चित्रे असतात, आपल्या टीव्हीत २५, आणि मोबाईल बहुधा ३० घेतो. नवशिके इथेच अडकतात. साधारण चालीत एक पाऊल अर्ध्या सेकंदाचे धरतात, म्हणजे सिनेमाच्या १२ फ्रेम. मोबाईलच्या फितीत तेच पाऊल १५ फ्रेमचे दिसते. हे १५ जसेच्या तसे २४ च्या कामात घातले की पाऊल सव्वापट लांबते आणि धडधाकट माणूस आजाऱ्यासारखा चालतो. म्हणून फ्रेम मोजून थांबू नये. सेकंद काढावा आणि मग आपल्या कामाच्या मापात बसवावा.

मागाचेही तसेच. मिनिटाला १२० वेळा धोटा फेकणारा माग धरला तर एका फेकीला अर्धा सेकंद मिळतो, आणि धोटा प्रत्यक्ष उडतो तो त्यातल्या एका हिश्श्यातच. साध्या चित्रणात तो पुसट रेघ होऊन जातो. मोबाईलमध्ये सेकंदाला २४० चित्रांची सोय असेल तर त्याच अर्ध्या सेकंदाची १२० चित्रे मिळतात आणि धोटा कोठे सुटला, कोठे अडला हे मोजता येते.

गिरवू नका, समजून घ्या

अमेरिकेतील मॅक्स फ्लायशर यांनी चित्रणावर कागद ठेवून ते गिरवण्याचे यंत्र काढले. १९१७ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. काम सोपे झाले; पण नुसते गिरवलेले पात्र पुष्कळदा तरंगल्यासारखे, निर्जीव दिसते. डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’ (१९३७) साठी मार्ज चॅम्पियन या नर्तकीचे चित्रण नमुना म्हणून घेतले होते. तेथील चांगल्या कलाकारांनी त्यातून वेळ आणि तोल घेतला, रेघ स्वतःची ठेवली.

कामाची रीत अशी ठेवावी. फीत आधी दहा वेळा पाहावी. टाच कधी टेकते, अंग सर्वात खाली कधी जाते, वजन कोणत्या पायावर आहे, एवढ्या मोजक्या जागांच्या फ्रेम लिहून घ्याव्यात. मग फीत बंद करून त्या अवस्था स्वतः काढाव्यात. शेवटी पुन्हा फीत लावून पडताळा घ्यावा, आणि जिथे भाव कमी पडतो तिथे थोडे वाढवावे. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि त्यात चित्रण मागे ठेवून काम करता येते. सरावासाठी महागडी खरेदी करण्याची गरज नाही.

अमानतीचे भान

दुसऱ्याचे चित्रण ही आपल्याकडची अमानत आहे. कामगाराला आधी विचारावे, कशासाठी ते सांगावे, आणि कामापलीकडे ती फीत कोणाला पाठवू नये. बायकामुलांच्या बाबतीत तर दुप्पट जपावे. कारखान्यातले डिझाइन चुकून चित्रणात आले असेल तर ते मालकाच्या विश्वासाचे आहे. सजीवांची चित्रे काढण्याबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. या कामात पडणाऱ्याने आपल्या विश्वासातील आलिमांना आधी विचारून घ्यावे. यंत्राचे भाग, धोट्याची ये-जा, सुताची गाठ यांची कामेही याच नियमांनी होतात, आणि कारखान्यातील प्रशिक्षणासाठी अशा चित्रफिती उपयोगी पडतात.

बंधूंनो, शहरातल्या मुलाकडे मोठा संगणक असेल; पण कष्टाची हालचाल कशी असते हे आपल्या मुलाने लहानपणापासून पाहिले आहे. हे त्याचे भांडवल आहे आणि त्यावर व्याज द्यावे लागत नाही. या आठवड्यात एकच काम करावे : घरातल्या एका जाणत्या कारागिराची, त्याच्या परवानगीने, एका मिनिटाची फीत घ्यावी आणि तिच्यातला एकच सेकंद नीट अभ्यासावा. अल्लाह आपल्या मेहनतीत बरकत देवो.