लटकत्या चाकाची साक्ष

मर्सिडीजच्या मोटारींची भारतातली जुळणी १९९५ मध्ये पिंपरीत, टेल्कोच्या आवारात सुरू झाली ती डब्ल्यू १२४ या ई-क्लासपासून. त्या पिढीतल्या काही गाड्या पुण्यात अजून फिरतात. माझी त्यातलीच, १९९६ ची पेट्रोल, बऱ्याच हातांतून माझ्याकडे आलेली. तिच्या इंजिनाबद्दल मला तक्रार करायची नाही. जे सांगायचं ते खालच्या अंगाबद्दल, कारण जुनी आलिशान गाडी घेणाऱ्याचे पैसे इंजिनापेक्षा तिथेच जास्त वाया जातात. आणि वाया जातात ते गाडी वाईट म्हणून नव्हे, तपासणारा भलत्या पद्धतीनं तपासतो म्हणून.

माझ्या गाडीला पुढून ‘ठक्’ असा आवाज येऊ लागला. स्पीडब्रेकर हळू उतरताना एकदाच. खराब रस्त्यावर वेगात असताना मात्र काही नाही. गॅरेजमध्ये गाडी दोन खांबी लिफ्टवर चढवली, चाकं हवेत लटकली, एकानं चाक धरून हलवलं आणि सांगितलं, “साहेब, सगळं टाइट आहे. शॉकअप गेलेत.” चारही शॉकअप नवे पडले. गाडी थोडी सुधारली, हे मान्य करायला हवं, जुने खरोखर दमले होते. पण ‘ठक्’ जिथल्या तिथे.

दोष होता डाव्या बाजूच्या खालच्या बॉल जॉइंटमध्ये, आणि तो लिफ्टवर सापडणारच नव्हता. यामागचं कारण नीट समजून घ्यावं, कारण आपल्याकडच्या बहुतेक मेकॅनिकांचा हात ज्या गाड्यांवर बसलेला आहे त्यांची रचना वेगळी असते. मारुतीपासून होंडा सिटीपर्यंत बहुतेक गाड्यांत पुढची स्प्रिंग शॉकअपभोवती गुंडाळलेली असते. गाडीचं वजन स्प्रिंगमधून वर टॉवरला जातं आणि खालचा बॉल जॉइंट फक्त चाकाला जागेवर धरतो, त्याच्यावर भार नसतो. अशी गाडी उचलून चाक लटकवलं की जॉइंट मोकळा राहतो आणि झिजला असेल तर हाताला प्ले लागतो. डब्ल्यू १२४ मध्ये शॉकअप वेगळा आणि स्प्रिंग वेगळी. स्प्रिंग बसते थेट लोअर आर्मवर. म्हणजे गाडीचा भार आर्ममधून बॉल जॉइंटमार्गे चाकावर जातो. गाडी बॉडीला धरून उचलली तरी स्प्रिंग आर्मला खाली रेटतच राहते, जॉइंट ताणलेला राहतो आणि झीज त्या ताणाखाली दडून बसते. चाक कितीही हलवा, ते घट्टच लागणार.

खरी तपासणी अशी: जॅक बॉडीखाली न लावता लोअर आर्मखाली, जितका बाहेर लावता येईल तितका बाहेर लावायचा आणि चाक जमिनीपासून बोटभर उचलायचं. आता स्प्रिंगचा भार जॅकनं घेतला, जॉइंट मोकळा झाला. मग चाकाखाली टॉमी घालून वर रेटायचं, आणि चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून आतबाहेर करायचं. दुसऱ्या माणसानं त्या वेळी जॉइंटवर बोट ठेवून बघायचं. माझ्या गाडीत हे एका वयस्कर मिस्त्रींनी केलं आणि जॉइंट वरखाली होताना मला चक्क डोळ्यांनी दिसला. बारा-सहात प्ले लागला तरी तो जॉइंटचाच, असं लगेच धरू नये. दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावं. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर दोष व्हील बेअरिंगचा, तसाच राहिला तर जॉइंटचा.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती जिवावरची आहे. स्प्रिंग आर्मवर असलेल्या गाडीत बॉल जॉइंट सोडवणं म्हणजे दाबलेली स्प्रिंग सोडणं. आर्मखाली आधार नसेल किंवा स्प्रिंग कॉम्प्रेसरनं धरलेली नसेल तर ती तोफेसारखी सुटते. या गाडीला बाहेरून आकड्यांनी धरणारा नेहमीचा कॉम्प्रेसर चालत नाही, स्प्रिंगच्या आतून जाणारा लागतो. गॅरेजवाल्याला आधी विचारा, “तुमच्याकडे तो कॉम्प्रेसर आहे का?” “आपण जुगाड करू” असं उत्तर आलं तर चावी परत घेऊन निघावं. भिडस्तपणाची जागा ही नव्हे.

स्टिअरिंगची तपासणी याच्या नेमकी उलट. ती चाकं जमिनीवर असताना, भार तसाच ठेवून करायची. गाडी पिटवर घ्या, इंजिन चालू ठेवून आत बसलेल्या माणसाला स्टिअरिंग चार बोटं डावीकडे, चार बोटं उजवीकडे असं सतत हलवायला सांगा, आणि खालून टाय रॉडचे एंड, मधली लांब दांडी आणि आयडलर आर्मचा बुश बघा. एक भाग हलला आणि त्याला जोडलेला दुसरा क्षणभर उशिरा हलला, तर तो जोड गेलेला. डोळ्यापेक्षा बोटं हे आधी सांगतात. या गाड्यांत रॅक-पिनियन नसून जुन्या पद्धतीचा स्टिअरिंग बॉक्स असतो. मधल्या जागी थोडासा ढिलेपणा त्याच्या स्वभावातच आहे. तो घालवायला म्हणून बॉक्सवरचा स्क्रू आवळणारे महाभाग भेटतात. स्क्रू जास्त आवळला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि बॉक्स आतून झिजतो. आधी दांड्या आणि आयडलर बुश, बॉक्सला हात सगळ्यात शेवटी.

आता मागची बाजू. मर्सिडीजनं १९८२ साली १९० या लहान गाडीत प्रत्येक मागच्या चाकाला पाच स्वतंत्र दांड्या देणारी रचना आणली आणि दोन वर्षांनी आलेल्या डब्ल्यू १२४ लाही तीच दिली. पुढे किती कंपन्यांनी ती कल्पना उचलली! ती नवी असताना गाडी रुळावरून जावी तशी जाते. पण पाच दांड्या म्हणजे दोन्ही टोकांना बुश किंवा जॉइंट, आणि एका चाकाचे हे जोड मोजत गेलं की खिशाला घाम फुटतो. यातला एखादा रबर फाटला तर आवाज येईलच असं नाही. गाडी वागते मात्र विचित्र. खंबाटकी घाट उतरताना वळणात अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की माझ्या गाडीचा मागचा भाग किंचित स्वतःच्या मनानं वळायचा. स्टिअरिंग हललेलं नाही आणि गाडीनं दिशा बदललेली. टायर आतल्या कडेनं झिजत होते ते वेगळंच. अलाइनमेंटवाला दर वेळी ‘ओके’ची पावती द्यायचा. तो खोटं बोलत नव्हता, उभ्या गाडीत आकडे बरोबरच होते. झिजलेला बुश गाडी चालताना, भार बदलला की सरकतो. म्हणून बुश-जॉइंट आधी, अलाइनमेंट नंतर, हा क्रम उलटा करण्यात काहीच हशील नाही.

मागच्या खालच्या आर्मवर या गाडीत प्लास्टिकचं झाकण असतं. ते काढल्याशिवाय केलेली तपासणी ही तपासणी नव्हे. माझ्या गाडीच्या झाकणात तर कित्येक पावसाळ्यांचा चिखल वाळून बसला होता.

बुश बदलल्यावर जे झालं त्यानं मला सर्वांत जास्त त्रास दिला. माल चांगला होता, गाडी सुरेख चालू लागली, आणि वर्ष उलटायच्या आत तेच नवे बुश चिरले. कोणी म्हणे डुप्लिकेट, कोणी म्हणे रस्ते. कारण होतं बोल्ट आवळण्याच्या वेळेत. या बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला घट्ट चिकटवलेलं असतं. ते घसरत नाही, पीळ खातं. गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली, अशा स्थितीत बोल्ट पक्का आवळला की रबराला ती लटकती स्थितीच मूळची वाटते. मग गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं, आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळलं जातं. बोल्ट आधी नुसते हातानं बसवायचे, गाडी चाकांवर उभी करून किंवा आर्म जॅकनं तेवढ्या उंचीला उचलून मगच अखेरचे आवळायचे. गॅरेजमध्ये घाई असते, लिफ्ट रिकामी करायची असते, त्यामुळे हे काम नेमकं इथेच बिघडतं. तिथे उभं राहा. लोक ‘पेन्शनर आला’ म्हणतील, म्हणू देत.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर, कारण मालकाच्या हातात तेवढंच असतं. सगळ्यात आधी डिकी पूर्ण रिकामी करावी, स्टेपनी आणि जॅकसुद्धा काढून. हसू नका, कित्येक ‘मागचे लिंक रॉड’ असे बरे होतात. मग काचा खाली करून भिंतीलगत हळू जावं, आवाज भिंतीवर आपटून कानाशी येतो. लहान खड्ड्यांवर खडखड येत असेल आणि ब्रेक हलकासा दाबल्याबरोबर थांबत असेल, तर ते ब्रेक पॅड, सस्पेन्शनचा संबंध नाही. ‘डी’ मधून ‘आर’ मध्ये टाकताना धक्का बसत असेल तर प्रॉपेलर शाफ्टच्या रबरी चकत्या, इंजिनाचं किंवा डिफरन्शियलचं माउंटिंग यांच्याकडे बघावं. एकाच बाजूचं चाक स्पीडब्रेकरवरून नेलं तर स्टॅबिलायझर बार कामाला लागतो, दोन्ही चाकं एकदम सरळ नेली तर तो जवळपास स्वस्थ राहतो. आवाज फक्त पहिल्या प्रकारात आला तर मागच्या बाजूला लिंक रॉड आणि पुढे बारचे बुश संशयित. लिंक रॉड सोडून, बार तारेनं नीट बांधून गल्लीत हळू चक्कर मारता येते. आवाज थांबला तर पुढचा वाद मिटला.

कुरकुर हा प्रकार निराळा, ती कोरड्या रबराची असते. पावसात ती नाहीशी होते आणि आपल्याला वाटतं गाडी बरी झाली. हीच खूण वापरा. उन्हाळ्यात एकेका बुशवर पाण्याचा फवारा मारून गाडी दाबत जा. ज्या बुशवर पाणी पडल्यावर कुरकुर थांबेल तो चोर. पाण्याऐवजी डिझेल किंवा जळकं ऑइल मात्र मुळीच नको. धुलाई केंद्रावर गाडी धुतल्यावर खालून ऑइल मारायची जुनी पद्धत अजून कुठेकुठे आहे. पत्र्याला गंज लागत नाही म्हणतात, पण ऑइलनं रबर फुगतं, मऊ पडतं आणि कुजतं. पावसाळा संपल्यावर एकदा बॉल जॉइंट आणि टाय रॉडच्या रबरी टोप्याही बघून घ्याव्यात. टोपी फाटली की ग्रीस बाहेर आणि पाणी आत, मग जॉइंटचं आयुष्य किती ते सांगायला नको.

बॉनेटचा कोपरा दाबून सोडायचा आणि गाडी किती वेळा हलते ते मोजायचं, ही सर्वांना ठाऊक असलेली परीक्षा. तिच्यात फक्त मेलेला शॉकअप नापास होतो, आजारी शॉकअप पास होतो. त्यापेक्षा टायरवर हात फिरवावा. रस्त्याला टेकणाऱ्या बाजूला ठरावीक अंतरानं खळगे पडलेले असतील तर चाक रस्त्यावर नाचतंय. शॉकअपच्या बाहेरून नुसता तेलाचा ओलसर थर असेल तर घाबरू नये, तेल ओघळत असेल तर बदलावा. गाडी एका बाजूला झुकलेली वाटते का, हे अंदाजानं ठरवू नये. सपाट जागी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंना टेप लावून मोजावं. फरक पडला तर स्प्रिंगचं टोक तुटलेलं असू शकतं, आणि ते रबरी बैठकीत लपून राहतं. या गाड्यांत स्प्रिंगच्या वरच्या रबरी पॅडवर उंचवटे असतात आणि त्यांच्या संख्येवरून पॅडची जाडी कळते. दोन बाजूंना वेगळ्या जाडीचे पॅड हेही झुकण्याचं कारण असतं. मागच्या कोणीतरी हाताला लागला तो पॅड टाकलेला असतो.

पॉलियुरेथेनचे रंगीत बुश घ्यावेत का, असं मला नेहमी विचारतात. माझं उत्तर: नाही. पाच दांड्यांच्या रचनेत बुशला एकाच वेळी अनेक दिशांना वाकायचं असतं, टणक बुश ते होऊ देत नाही, आणि ज्या शांततेसाठी ही गाडी घेतली तीच जाते. नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाउसला सुटा माल घेताना खोक्यावर जाऊ नये, बुशवर कोरलेलं नाव वाचावं. जुन्या गाडीतला काढलेला ‘जर्मन ओरिजिनल’ बुश कोणी देऊ केला तर घेऊ नये. गाडी किती किलोमीटर चालली याच्याशी रबराचं फारसं देणंघेणं नसतं, ते शेडमध्ये उभ्या गाडीतही म्हातारं होतं. ‘फक्त चाळीस हजार चाललीय’ या वाक्यानं म्हणूनच हुरळून जाऊ नये.

अशी गाडी घ्यायला निघालात आणि विकणारा म्हणाला, “सस्पेन्शन आत्ताच केलंय,” तर बिल मागा. बिलात बॉल जॉइंट, पुढच्या आर्मचे बुश, मागच्या कोणत्या दांड्या हे वेगवेगळं लिहिलेलं हवं, आणि त्यानंतरच्या तारखेचा चार चाकांच्या अलाइनमेंटचा कागद हवा. ते नसेल तर काम झालेलंच नाही असं धरून भाव करा, आणि सौदा ठरण्याआधी एक जॅक लोअर आर्मखाली लावायची परवानगी मागा.