बेट दिसलं, पण पाय लागले नाहीत

एप्रिलच्या अखेरीस लक्षद्वीपवर आकाश निरभ्र असतं, वाराही पडलेला असतो, आणि तरीही एखाद्या दिवशी अगत्ती बेटाबाहेरचा समुद्र इतका हेलकावतो की मोठ्या जहाजातून लहान बोटीत माणूस उतरवणं धोक्याचं ठरतं. त्याचं कारण तिथे जवळपास शोधून सापडत नाही. दूर दक्षिणेला, हिंदी महासागराच्या पार खालच्या टोकाला वादळ होतं आणि त्याच्या लांब लाटा हजारो किलोमीटर कापून काही दिवसांनी केरळ आणि लक्षद्वीपच्या किनाऱ्यावर येऊन धडकतात. केरळचे मच्छीमार याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था त्याचे इशारे आधी जाहीर करते.

ठाण्याच्या एका दांपत्याला हे सगळं परत आल्यावर कळलं.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून दोघांनी मुंबईहून लक्षद्वीपची क्रूझ सफर ठरवली. पहिलीच. एजंटने दाखवलेल्या माहितीपत्रकात पाचूच्या रंगाचं लगून होतं, पांढरी वाळू होती, स्नॉर्केलिंग करणारं एक हसरं जोडपं होतं. बॅलार्ड पिअरवरून संध्याकाळी जहाज सुटलं. मुंबई ते अगत्ती हे अंतर सुमारे ९०० किलोमीटर. म्हणजे एक रात्र आणि पुढचा अख्खा दिवस नुसतं पाणी, आणि त्यानंतरच्या सकाळी बेट. त्या सकाळी दोघं उजाडायच्या आत डेकवर येऊन उभी राहिली. नारळांची हिरवी रेघ आणि तिच्याखालची वाळू स्पष्ट दिसत होती. नाश्त्याच्या वेळी घोषणा झाली: लाटांमुळे आज उतरता येणार नाही. जहाज काही वेळ थांबलं, मग वळलं.

स्वागतकक्षापाशी गर्दी झाली, आवाज चढले. ऊन लख्ख पडलेलं असताना ‘हवामान खराब’ हे कोणाला पटेना. काहींना वाटलं, इंधन वाचवायला केलेलं हे नाटक आहे. बायकोला रडू आलं. सहा महिने तिने मनात त्या वाळूवरून फेऱ्या मारल्या होत्या.

तरी कप्तानाचा निर्णय योग्यच होता, आणि तो का योग्य होता हे समजून घेतल्याशिवाय अशा सफरीचं तिकीट काढू नये. लक्षद्वीपची बेटं प्रवाळांची आहेत. ३६ बेटं, त्यांतल्या १० वर वस्ती, आणि सगळ्यांची मिळून जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. बेटाच्या बाजूला उथळ लगून, लगूनच्या कडेला प्रवाळाची भिंत, आणि भिंतीपलीकडे तळ एकदम खोल जातो. मोठं क्रूझ जहाज त्या उथळ पाण्यात शिरू शकत नाही. ते बाहेर थांबतं, कुशीतलं दार उघडतं आणि प्रवाशांना एकेक करून लहान बोटीत उतरवतं. बोट वरखाली होत असते आणि ती नेमकी वर आली की पाय टाकायचा असतो. समुद्र शांत असेल तर खलाशी दोन्ही हातांना धरून अलगद उतरवून घेतात. लाट मोठी असेल तर तीच बोट जहाजाच्या पोलादी भिंतीवर आपटते. मध्ये कोणाचा पाय सापडला तर काय होईल, हे सांगायला नको.

दोष कुठे असेल तर विक्रीच्या वेळच्या मौनात आहे. बंदरं बदलण्याचा किंवा गाळण्याचा अधिकार जहाज कंपन्या करारात आपल्याकडे राखून ठेवतात आणि जगभर हीच रीत आहे. अशा वेळी पूर्ण पैसे परत मिळत नाहीत, फार तर न लागलेल्या बंदराचं शुल्क मिळतं. हे कलम त्या एजंटने वाचून दाखवलं नाही. पैसे घेताना त्याने बेटाचं चित्र पुढे केलं, अट मात्र बारीक अक्षरांत राहिली. आयुष्याची पुंजी मोजून जाणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाशी हे वागणं बरं नव्हे.

म्हणून ठरवताना आधी स्वतःला विचारावं: आपल्याला जहाज हवंय की बेट? बेटच हवं असेल तर कोचीहून अगत्तीला विमान जातं. कोचीहूनच लक्षद्वीप प्रशासनाची जहाजंही सुटतात आणि त्यांच्या ‘समुद्रम’ सहलीत कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय अशी बेटं दिवसा पाहून रात्री जहाजावर मुक्काम असतो. उतरण्याचा प्रश्न तिथेही लाटांच्या हातात असतो, पण एक बेट चुकलं तर दुसरं हाती लागण्याची आशा राहते. जहाजाचीच हौस असेल तर आधी मुंबई–गोवा एवढीच सफर करावी. गोव्यात मुरगाव बंदरात जहाज थेट धक्क्याला लागतं, जिना उतरला की जमीन. समुद्र आपल्या पोटाला मानवतो की नाही, हेही तेवढ्यात कळतं.

कारण या दांपत्यातल्या नवऱ्याला तो मानवला नाही. पहिल्या रात्रीपासून तो बहुतेक वेळ केबिनमध्ये आडवा. मळमळीचं मूळ कानाच्या आतल्या तोलाच्या यंत्रणेत असतं. शरीराला हालचाल जाणवते, पण बंद खोलीत डोळ्यांना काहीच हलताना दिसत नाही, आणि मेंदू गोंधळतो. डॉक्टरांना विचारून गोळी जहाज सुटण्याआधी घ्यायची, उलट्या सुरू झाल्यावर नाही. केबिन घेताना उंचावरच्या बाल्कनीचा मोह सोडून जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची घ्यावी, तिथे हेलकावे कमी. डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहत बसावं. आलेपाकाची वडी पर्समध्ये असू द्यावी. रोजची औषधं हातातल्या पिशवीतच हवीत. मोठ्या बॅगा केबिनमध्ये पोचायला काही तास लागतात, आणि मधुमेहाची गोळी त्यांची वाट पाहू शकत नाही.

आणखी एक गोष्ट अनेक प्रवासी कंटाळा म्हणून टाळतात: सुटताना होणारी बचाव कवायत. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे क्रूझ जहाज इटलीच्या जिलिओ बेटापाशी खडकावर गेलं आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. पुढे आंतरराष्ट्रीय नियम बदलला. आता कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. मुंबईहून रेवसला निघालेल्या ‘रामदास’ बोटीसोबत १७ जुलै १९४७ ला सहाशेहून अधिक माणसं गमावलेल्या महाराष्ट्राला तरी हे वेगळं सांगायला लागू नये. लाइफ जॅकेट कुठे आहे आणि आपण कुठे जमायचं, एवढं पाहायला दहा-पंधरा मिनिटं लागतात.

समुद्राने साथ दिली आणि उतरता आलं, तरी बेटावर मिळतात काही तासच. पहिल्या बोटींत जागा मिळाली तर वेळ वाढतो. उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत, पायात पट्ट्याची चप्पल हवी, आणि गुडघे दुखत असतील तर आधीच खलाशांना सांगावं. प्रवाळावर उभं राहू नये. पाय कापतो आणि प्रवाळ मरतो. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये समुद्र तापल्याने इथले प्रवाळ पांढरे पडले आहेत. जे उरलं आहे, ते आपल्या टाचेखाली जाऊ नये. वाळूत पडलेला प्रवाळाचा तुकडासुद्धा पिशवीत टाकू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. बंगाराम बेट वगळता लक्षद्वीपमध्ये दारूबंदी आहे, आणि बाहेरच्या माणसाला प्रवेशाचा परवाना लागतो. क्रूझवाले तो काढून देतात, पण त्यासाठी कागदपत्रं वेळेत हाती द्यावी लागतात. भर समुद्रात फोन विमान मोडवर ठेवावा, नाहीतर जहाजावरचं महागडं रोमिंग आपोआप पकडलं जातं आणि बिल घरी आल्यावर दिसतं.

हे दांपत्य येत्या जानेवारीत पुन्हा निघणार आहे, या वेळी कोचीहून विमानाने, आणि अगत्तीत चार रात्री राहायला. तुम्ही जहाजानेच जाणार असाल तर जरूर जा, पण आगाऊ रक्कम भरण्याआधी एजंटला विचारा की बेटावर उतरता आलं नाही तर कुठे नेणार आणि किती पैसे परत देणार. उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी घ्या.