न दिसणाऱ्या जागेचे काम

गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा अभयारण्य १९७० साली घोषित झाले. २०१३ पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात मोडते. चोरखमारा, मंगेझरी या प्रवेशद्वारांतून पर्यटकांच्या जिप्सी पहाटे आत जातात. रस्ते कच्चे व धुळीचे, आणि वाघाच्या रानात गाडीतून खाली उतरण्यास मनाई. पावसाळ्यातील बंदी उठण्याआधी ही वाहने ज्या मेकॅनिककडे येतात, त्याच्या कामाची परीक्षा दुकानात होत नाही, जंगलात होते.

चाकाच्या बेअरिंगचेच पाहा. जुने ग्रीस पूर्ण धुऊन काढायचे, बेअरिंगवर चरे पडले आहेत का हे उजेडात न्याहाळायचे, नवे ग्रीस फटीफटींत भरायचे आणि ऑइल सील नवे बसवायचे. जुनेच सील ठेवून वरवर ग्रीस चोपडले, तरी त्या दिवशी चाक तितकेच सहज फिरते. ग्राहकाला फरक कळतो तो आत धूळ शिरल्यावर.

ही न दिसणारी जागा म्हणजे कारागिराकडे सोपवलेली अमानत होय. सूरह सबामध्ये आदरणीय दाऊद (अ.) यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख आहे. त्याला लागूनच चिलखताच्या कड्या योग्य मापाने जोडण्याची आज्ञा येते आणि सदाचरणाचा आदेशही त्याच आयतीत आहे. एका पैगंबराला कड्यांच्या मापाविषयी बजावले जावे, यावर आपण पठण करताना क्वचितच थांबतो. इमाम बैहकी यांनी नोंदवलेल्या हदीसनुसार, माणसाने हाती घेतलेले काम ‘इत्कान’ने, म्हणजे पक्के व नेटके करावे, हे अल्लाहला प्रिय आहे.

काम पक्के केले तर गिऱ्हाईक परत कशाला येईल, असे काही कारागीर विचारतात. पोटाचा प्रश्न आहे, तो हसण्यावारी नेता येत नाही. परंतु बेअरिंगसाठी न परतणारा मालक ब्रेक, क्लच आणि शेजाऱ्याची गाडी घेऊन येतो. शिवाय आपण उघडून जोडलेली गाडी हंगामभर दुकानासमोरून न थांबता जाताना पाहण्यात जे समाधान आहे, ते मजुरीत मोजले जात नाही. हलाल कमाईची गोडी त्यात असते.

मालकाची ऐपत नसेल तर तात्पुरती दुरुस्तीही जायज आहे. मात्र ती तात्पुरती आहे हे पैसे घेण्यापूर्वी सांगितले पाहिजे. बाजारात धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आत ओल लागली, तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, अशी विचारणा प्रेषितांनी (स.) विक्रेत्याकडे केली होती. चाकातून काढलेले झिजके सील मालकाच्या हातावर ठेवायला मेकॅनिकला क्षणभरही लागत नाही.