मोबाईलची अडगळ काढताना धंद्याची वही सांभाळा

जुन्नरचा हातकागद एकेकाळी नामांकित होता आणि व्यापाऱ्याची वही कागदाचीच असे. आज जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगावच्या आम्हा दुकानदार-कारागिरांची बिले, नमुन्यांचे फोटो आणि उधारीच्या नोंदी मोबाईलमध्येही असतात. म्हणून जागा भरली की घाईने काहीही पुसू नये.

प्रथम कामाचे फोटो व बिले पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावीत. मग अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲप निवडून 'स्टोरेज' उघडावे. तेथे दोन बटणे दिसतात. 'क्लिअर कॅशे' म्हणजे कापडाच्या चिंध्या झाडणे. माल शाबूत राहतो. 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज' म्हणजे वहीच जाळणे. ते दाबू नये.

ॲप काढून टाकले तरी त्याच्या काही फाइली 'डाउनलोड', 'पिक्चर्स', 'डॉक्युमेंट्स'मध्ये उरतात. त्या उघडून, ओळखूनच पुसाव्यात. 'अँड्रॉइड' फोल्डरला हात लावू नये. व्हॉट्सॲपचे फोटो बहुतेक फोनांत तेथेच असतात. व्हॉट्सॲपमधील 'मॅनेज स्टोरेज'मध्ये ५ एमबीहून मोठ्या फाइली वेगळ्या दिसतात. तेथून नको ते व्हिडिओ काढावेत.

जागा पुन्हा मिळते. उधारीचा पुसलेला पुरावा मात्र गिऱ्हाईक आणून देत नाही.