ओल खालूनही येते

चि. अमेय यास,


चिपळूणच्या बंगल्याचं लॅमिनेटचं काम तुला मिळालं, असं ताई फोनवर म्हणाली. बरं वाटलं. पण तळमजलाही करायचा आहे आणि पावसाच्या आत उरकायचं आहे, हे ऐकलं आणि लगेच लिहायला घेतलं.

तळमजल्यावर लॅमिनेट टाकू नकोस. 2021 च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी कुठवर चढलं होतं, हे तिथल्या माणसांना मी सांगायला नको. पुराचं सोड, नुसती जमिनीची ओलसुद्धा पुरते. दीड फूट चौरस प्लास्टिक कोब्यावर चारी बाजूंनी टेपने चिकटवून दिवसभर ठेवतात आणि खाली दंव धरलं का ते बघतात. ही परीक्षा तू करशील, पण मे महिन्यात कोबा कोरडाच दिसणार. खरी ओल श्रावणात वर येते. मालकांना सरळ सांग, खाली टाइल्स नाहीतर एसपीसी लावा. एसपीसीच्या पोटात चुनखडीची पूड आणि पीव्हीसी असतं, ते पाण्याने फुगत नाही. बिल थोडं कमी-जास्त होईल, होऊ दे.

वरच्या मजल्यावर लॅमिनेट खुशाल कर, फक्त त्याची जात नीट समजून घे. वरचा थर मेलामाइनचा, त्यावर सांडलेलं पाणी पुसलं की काम झालं. दुखणं आहे ते पोटात. पोटात एचडीएफ असतो, म्हणजे लाकडाचा तंतू राळेसारख्या द्रव्यात मिसळून प्रचंड दाबाने चेपलेला. पट्टीच्या चारी कडांना क्लिकची खाच कापली की नेमका हाच एचडीएफ उघडा पडतो. तिथून ओल शिरली की चेपलेला तंतू दाब विसरतो. पोहे भिजल्यावर फुलतात आणि वाळवले तरी पुन्हा पहिल्यासारखे चपटे होत नाहीत, तसंच हे. सांध्याची कड उचलली जाते, चालणाऱ्याचे पाय तिथेच घासतात, मेलामाइन झिजून पांढरी रेघ दिसू लागते आणि मग पाण्याला दारच उघडं. अशी पट्टी दुरुस्त होत नाही, बदलावी लागते.

पेटीवर ‘24 तास पाणीरोधक’ छापलेलं बघून हुरळू नकोस. ती हमी बहुधा वर सांडलेल्या पाण्यापुरती असते. खालून येणारी ओल आणि भिंतीकडेच्या उघड्या कडा तिच्यात धरलेल्या नसतात. बारीक अक्षरं वाचायची सवय लाव.

म्हणून पट्टी हातात घेण्याआधी भिंती बघ, विशेषतः ज्या भिंतीपलीकडे बाथरूम आहे ती. स्कर्टिंगच्या वर रंगाला पोपडे आले असतील तर आधी पलीकडची गळती बंद करून घे आणि भिंत वाळू दे. मालक घाई करतील, ऐकू नकोस. पेट्या न फोडता त्याच खोलीत निदान 48 तास आडव्या ठेव. स्लॅबवर किंवा जुन्या लादीवर आधी 200 मायक्रॉनचं प्लास्टिक, जोडावर वीतभर चढवून टेप मारलेलं, कडेला भिंतीवर थोडं वळवलेलं. त्यावर फोम. जुनी लादी आहे म्हणून प्लास्टिक वाचवू नकोस, लादीच्या सांध्यांतूनही ओल येते.

भिंतीपाशी आठ ते दहा मिलिमीटर जागा सोड. कोकणातल्या पावसाळी हवेत पट्ट्या पसरतात आणि जागा नसली की मधोमध उचलतात. ही जागा सिमेंटने किंवा लांबीने भरायची नाही, स्कर्टिंगने झाकायची. बाथरूमच्या आणि बाल्कनीच्या दारापाशी मात्र त्या फटीत सिलिकॉन भर आणि वर फट झाकणारी पट्टी बसव, पाणी तिथूनच शिरतं. पट्ट्या बसवताना सांध्यात कचरा राहू देऊ नकोस. हातोडी थेट कडेवर मारू नकोस, ठोकळा धर. कड चेचली की सांधा वरून मिटलेला दिसला तरी मिटलेला नसतो. सांध्यात लावायचं सीलंट कंपनीने सांगितलं असेल तरच वापर. मनाने फेविकॉल ओतलास तर पुढे एक पट्टी काढायला अर्धी खोली फोडावी लागेल.

काम झाल्यावर मालकांना चावी देशील, पण बादली-फडकं ज्यांच्या हातात असतं त्या मावशींशी बोलल्याशिवाय निघू नकोस. फडकं घट्ट पिळून, नुसतं दमट, लांबीच्या दिशेने फिरवायचं. फरशीवर पाणी ओतायचं नाही, वाफेचा पोछा तर नाहीच. हे सांगताना हुकूम सोडू नकोस. एक तुटका तुकडा रात्रभर पाण्यात बुडवून ठेव आणि सकाळी कोरड्या तुकड्याशेजारी धरून दाखव, पुढचं त्या स्वतःच समजतील. कुंड्यांखाली ताटल्या असू देत आणि एसीच्या नळीचं तोंड खोलीबाहेर आहे ना, ते पाहा.

उरलेली एखादी पेटी परत आणू नकोस. मालकांकडेच कपाटावर आडवी ठेवायला सांग. पुढे तोच रंग बाजारात मिळेलच असं नाही.

भिंतीचे फोटो पाठव, मग प्लास्टिकचा हिशोब मांडू.

तुझा,
मामा