पंगत एकच ठेव

मिरज

चि. सुहास यास,



तुझं पत्र मिळालं. तरुण संघाची जबाबदारी तू घेतलीस, फार बरं वाटलं. गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत कामाला आलेली झारखंडची कुटुंबं तुमच्या उपासनेला येऊ लागली आहेत. त्यांची भाषा वेगळी, गाण्याची रीत वेगळी, म्हणून नाताळचं जेवण त्यांना दुसऱ्या दिवशी द्यावं, असं काही जण म्हणतात. वाद नको म्हणून तूही मान डोलावलीस. बाळा, इथे मात्र मान डोलावू नकोस.

अंत्युखियात प्रेषित पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला बसत होता. याकोबाकडची यहुदी माणसं आली, तसा लोक काय म्हणतील या भीतीने तो बाजूला झाला. त्याची शिकवण बदलली नव्हती, तो फक्त ताटावरून उठला होता. तेवढ्यासाठी पौलाने त्याला सगळ्यांदेखत खडसावलं. गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय संघात वाचा.

तुम्ही तर शाहू महाराजांच्या कोल्हापुरात राहता. गंगाराम कांबळे यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर हॉटेल काढलं, पण अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यायला कोणी येईना. महाराजांनी हॉटेलापुढे गाडी उभी केली, चहा मागवला, स्वतः प्यायले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजला. हुकूम काढणं त्यांच्या हातात होतंच, तरी त्यांनी कप हातात घेतला.

सगळ्यांचं एकमत झाल्यावर एकत्र येऊ म्हणशील, तर तो दिवस उगवायचा नाही. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या मिळून उत्तर भारतीय चर्च झालं. त्यांतल्या काही बालकांचा बाप्तिस्मा करत, काही फक्त जाणत्यांचा. दोन्ही रीती ठेवून त्या एक झाल्या. त्यापुढे या कुटुंबांच्या ढोलकीचा प्रश्न तो केवढा?

आता कामाचं सांगतो. त्या कुटुंबांना पाहुणे म्हणून बोलावू नकोस, आदल्या रात्री कांदा चिरायला, मसाला वाटायलाच बोलाव. तांबड्या रश्शाशेजारी त्यांच्या घरचा एखादा पदार्थ असू दे, आणि तो आधी तुझ्या ताटात वाढून घे. मराठी गीतांचे कागद त्यांना दे. हिंदी वाचणाऱ्याला आपली लिपी अडत नाही. दोन गीतं त्यांची, ढोलकीसकट, तुम्ही शिका.

आणि ज्यांनी वेगळ्या दिवसाची सूचना केली, त्यांच्या घरी जाऊन बस. आपली उपासना आपल्याला परकी होईल, ही त्यांची धास्ती खोटी नाही. त्यांचं नीट ऐकून घे, उलटून बोलू नकोस. परक्यांना जवळ करताना घरच्यांना झिडकारलंस, तर तेही प्रेम नव्हे. पण पंगत एकच, एवढं सोडू नकोस.

नाताळला मी येतोय. मला वाढायला उभं कर.

तुझा,
मामा