खड्ड्यापाशी उभं राहा

निफाड तालुक्यातल्या काळ्या रानात वीस गुंठ्यांवर मी एक शेडनेट विकलं होतं. मे महिन्यातल्या एका वळवाने ते पाडलं. सकाळी पोचलो तेव्हा खांब वाकलेले नव्हते, मुळासकट उपटून आडवे पडले होते आणि प्रत्येकाच्या बुडाला काँक्रीटचा गोळा तसाच चिकटलेला होता. मी टेप लावला. आराखड्यात खड्डा अडीच फुटांचा, गोळा भरला सव्वा फुटाचा. खाली फुलावर आलेली ढोबळी मिरची नेटखाली चिरडली होती. घरच्या काकू एवढंच म्हणाल्या, "भाऊ, आम्ही कंपनी कुठं पाहिलीय? तुमच्या शब्दावर घेतलं."

कंपनीने वॉरंटीचा कागद पुढे केला. नेट उन्हाने विरलं तर भरपाई, वाऱ्याने पडलं तर नाही. कागदात ते पहिल्यापासून होतं, मीच ते त्यांना वाचून दाखवलं नव्हतं. फिटरची टोळीही माझीच, चौरस मीटरच्या ठेक्यावर. ठेक्यात खड्डे उथळ होतात हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. ते शेड मी पदरमोड करून पुन्हा उभं केलं. मिरचीचा हंगाम मात्र परत देता आला नाही.

नव्याने डीलरशिप घेणाऱ्यांना म्हणून सांगतो. माल पोचवून बिल फाडलं की आपलं काम संपलं, असं समजू नका. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांबाची पकड सैल करते. तिथे मुरूम लागेपर्यंत खाली जायचं आणि खड्डा बुडाशी रुंद ठेवायचा. काँक्रीट ओतायच्या आधी स्वतः जाऊन प्रत्येक खड्ड्यात टेप सोडा. फोटोवर विसंबू नका. फोटोत खोली कळत नाही.

नेटचं वजन शेतकऱ्यासमोर करा. मीटर बाय मीटरचा तुकडा कापून काट्यावर ठेवला की जितके ग्रॅम भरतील तितकं जीएसएम. पन्नास टक्क्यांचं नेट म्हणजे निम्मं ऊन अडणार, म्हणून किती टक्क्यांचं घ्यायचं हे पीक विचारूनच सांगा. जास्त टक्क्यांचं नेट म्हणजे जास्त चांगलं असा समज सगळीकडे आहे आणि महाग माल खपतो म्हणून आपणच तो दूर करत नाही. हे मला फार लागतं. गंधकाच्या फवारणीने नेटचं आयुष्य घटतं, हेही विकतानाच सांगायचं. तक्रार आल्यावर सांगितलं तर ती पळवाट वाटते.

अनुदानाचं आमिष दाखवून तर कुणाला घाईला लावूच नका. महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून कृषी विभागाची पूर्वसंमती हातात येण्याआधी काम सुरू केलं, तर अनुदान हातचं जातं आणि कर्जाचा हप्ता शेतकऱ्याच्या गळ्यात पडतो.

आता माझ्या कोटेशनवर खड्ड्याची खोली पाइपच्या जाडीइतक्याच ठळक अक्षरांत असते. टोळीला खड्ड्यांचे पैसे वेगळे देतो, मोजून झाल्यावर. भाव थोडा चढतो, काही गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात जातात. मे महिन्यात संध्याकाळी आभाळ भरून आलं की मी अजूनही दोन-चार घरी फोन लावतो, बाजूचे पडदे आणि स्प्रिंगा तपासायला सांगतो. काकूंचा नंबर त्यात पहिला असतो.